दोन कुलपांची खोली

मला वाट बघता येत नाही. कुकरची शिट्टी लांबली तरी मी ओट्यापाशी दोनदा जाऊन येते. एसटीच्या थांब्यावर जरा वेळ उभी राहिले की वाटतं, चालत गेलो तरी लवकर पोचू. मग मी चालायला लागते आणि गाडी मागून येऊन अंगावर धूळ उडवून निघून जाते. नवरा म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे. असेल. पण अशा बाईच्या शाळेलाच ती दोन कुलपांची खोली मिळावी, याला काय म्हणावं?

शाळा नांदूरघाटच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका गावातली. जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. मी केजहून स्कूटीवर ये-जा करते. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाल्यापासून त्यांचंही काम माझ्याकडेच आहे. तात्पुरतं म्हणून दिलंय, आणि आमच्या खात्यात तात्पुरतं म्हणजे किती ते सगळ्यांना ठाऊक आहे.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पुण्याच्या एका संस्थेची मुलगी आमच्याकडे आली. पाठीला सॅक, पायात बूट, बोलणं गोड. मोठ्या कंपन्यांमधले वापरून झालेले कॉम्प्युटर दुरुस्त करून खेड्यातल्या शाळांना द्यायचे, हे त्यांचं काम. मदत परदेशातून यायची. ती सांगत होती, आफ्रिकेत, नेपाळात, सगळीकडे आता असंच चालतं. यंत्रं संस्थेची, खोली, वीज आणि देखभाल गावाची. याला ती 'स्थानिक भागीदारी' म्हणायची. "नुसतं फुकट दिलं की ते कपाटात जातं, मॅडम. गावानं स्वतःचं काही घातलं की गाव सांभाळतं." मला हे इतकं पटलं की मी तिला दुसऱ्यांदा चहा केला.

आणि गावानं घातलं. अगदी चढाओढीनं घातलं. सरपंचांनी शाळेला लागून असलेली ग्रामपंचायतीची रिकामी खोली दिली, वर आतून रंगवून दिली. शाळा समितीचे अध्यक्ष हे सरपंचांच्या विरुद्ध गटाचे. दोघांच्या शेतांचा बांध एक आणि त्या बांधापायी बोलणं बंद. सरपंचांनी खोली दिली म्हटल्यावर अध्यक्षांनी छतावर सोलरच्या प्लेटा बसवल्या आणि टेबलंही करून आणली. राहिल्या बॅटऱ्या आणि वायरिंग. ते केजच्या बस स्टँडमागच्या बॅटरीवाल्या चाचांनी दिलं. त्यांची धाकटी मुलगी एकेकाळी माझ्या वर्गात होती. ती आता नर्स आहे, आणि त्याचं श्रेय ते मला उगाचच देतात.

यंत्रं आली त्या दिवशी सगळ्यांनी मिळून खोके आत नेले. मला भरून आलं होतं. संध्याकाळी सरपंचांनी दाराच्या वरच्या कडीला कुलूप लावलं, कारण खोली त्यांनी दिलेली. सकाळी शाळेत येऊन बघते तर खालच्या कडीला अध्यक्षांचं कुलूप. कारण आतली टेबलं त्यांची. एकाची किल्ली सरपंचांच्या घरी, दुसऱ्याची अध्यक्षांच्या. दोघं एका वेळी आल्याशिवाय दार उघडणार नाही, आणि दोघं एका वेळी कुठंच येत नाहीत, मयतीलासुद्धा नाही. चाचांनी दोन्ही कुलपं हलवून बघितली आणि विचारलं, "मग मी बी एक कडी ठोकू का मधी? बॅटऱ्या माज्या हायेत." कुणी हसलं नाही.

मी दोघांकडेही गेले. दोघांचंही उत्तर एकच होतं, नुसता आवाज वेगळा. उद्घाटन झाल्याशिवाय हात लावायचा नाही. फीत कापायला जिल्ह्याचे पुढारी येणार, आणि ते आल्यावर दोघांनाही त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं. तारीख ठरली, पुढाऱ्यांना मुंबईला जावं लागलं. पुन्हा ठरली, तर गणपती आले. मग पितृपंधरवडा लागला आणि पितृपंधरवड्यात नवीन काम कोण सुरू करतो? मी वर्गात शिकवायची आणि खिडकीतून ती दोन कुलपं दिसत राहायची. डोकं उठायचं माझं. हातात खडू असताना मी तो मोडायला लागले.

चाचा अधूनमधून मोटारसायकलवर येऊन खिडकीच्या गजांतून आत डोकावत. "म्याडम, बॅटरी पडून राहिली की मरती. तिला वापरावंच लागतं. कावून कळत न्हाई या लोकास्नी?" मी म्हणायची, तुम्हीच सांगा त्यांना. ते हात जोडायचे. दोन्ही गटांचे ट्रॅक्टर त्यांच्याच दुकानातून बॅटऱ्या नेतात, ते तरी कुणाला दुखवणार?

पुण्याची मुलगी फोनवर फोटो मागायची. मुलं कॉम्प्युटरवर बसलेली असा फोटो तिला वर पाठवायचा होता. एकदा वैतागून मी तिला दोन कुलपांचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "वा! सुरक्षेची छान काळजी घेतलीय." त्यापुढे दोन टाळ्या वाजवणारे हात.

या सगळ्यात सातवीतली एक मुलगी होती. काटक, सावळी, वेणी कायम एका बाजूला सुटलेली. शाळा भरायच्या आधी ती त्या खिडकीशी उभी असायची आणि मी स्कूटी लावली की विचारायची, "म्याडम, आज?" बस, एवढंच. मी म्हणायची, बघू. ती मान हलवून वर्गात जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "म्याडम, आज?" रागानं विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. आमच्याकडे दसरा आला की ट्रॅक्टर लागतात आणि अर्धं गाव पश्चिमेकडे कारखान्यांना निघतं. उन्हाळ्याच्या तोंडावर परत. माझे वर्ग दर वर्षी असे मधूनच रिकामे होतात. काही मुलं आजी-आजोबांजवळ मागं राहतात. पण मुलगी अंगानं जरा वाढली की तिला नेतातच. तिकडे भाकरी करायला, धाकट्यांना धरायला, आणि मग हळूच उसाच्या फडात. एकदा फडात गेलेली मुलगी शाळेत परत आलेली मी क्वचितच बघितली आहे.

म्हणून पितृपंधरवड्यात एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्या आईला गाठलं. ती दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन काढत होती. मला बघून उभी राहिली, पण हातातला विळा काही खाली ठेवला नाही.

मी म्हणाले, "ताई, पोरीला या साली इथंच ठेवा. हुशार आहे."

"लई जण म्हणतेत हुशार हाय. हुशार हाय म्हणून काय करू?" ती म्हणाली. मग तिनं केजमधल्या एका दुकानाची गोष्ट सांगितली. रेशन कार्डाचं काही ऑनलाइन करायला ती दिवसभर तिथं बसली होती. आत काचेमागं एक मुलगी होती, तिच्या पोरीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पंख्याखाली बसून ती सगळ्यांचे कागद भरत होती. "बापे बी तिला ताई ताई म्हणत होते. माज्या नवऱ्यानं बी म्हणलं." ती हसली. मग पुन्हा गंभीर झाली. "तुमची ती खोली चालू झाली, पोरगी तिथं बसलेली म्या डोळ्यानं बघितली, तर ठिवते म्हातारीपाशी. न्हाईतर न्हाई. खोलीत यंत्र हायेत म्हणून गाव सांगतंय, पण मला तर कुलपंच दिसतेत."

मग तिनं शेवटचं सांगितलं. नवऱ्यानं पोरीसाठी नवा कोयता आणला होता. लोहाराकडून मूठ बारीक करून घेतली होती, पोरीच्या हाताला बसेल अशी.

ती मूठ माझ्या डोक्यातून जाईना. जेवताना, झोपताना, हजेरी घेताना. कुणीतरी मापानं बारीक केलेली लाकडी मूठ. मला दसऱ्याच्या आत ते दार उघडायचं होतं. फीत कुणीही कापो, मला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

आणि मला युक्ती सुचली. माझी मलाच मी फार हुशार वाटले. खंडेनवमी! आमच्याकडे त्या दिवशी घरातली अवजारं मांडून पूजा करतात. नांगर, विळा, पाना, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, जे ज्याच्या पोटाचं साधन असेल ते. गावात एवढी यंत्रं आलीत आणि त्यांना साधं कुंकू लागलं नाही, हे बरं दिसतं का? मी सरपंचांना जाऊन म्हणाले, अध्यक्षांच्या घरच्या बायका पूजेचं ताट घेऊन येणार म्हणतात. अध्यक्षांना म्हणाले, सरपंचांच्या घरून नारळ येणार आहे. दोघांनी माझ्यासमोरच घरात हाक मारून किल्ली कुठं आहे ते विचारलं.

खंडेनवमीला दोघं आले. एकमेकांकडे न बघता दोघांनी आपापलं कुलूप काढलं. दार उघडलं तेव्हा आतून रंगाचा आणि बंद हवेचा वास आला. आम्ही प्लॅस्टिकं काढली, धूळ पुसली. झेंडूच्या माळा घातल्या. अध्यक्षांच्या वहिनींनी प्रत्येक पडद्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. सरपंचांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. खोली भरून गेली. खिडकीला पोरं लोंबकळत होती आणि ती मुलगी सगळ्यांत पुढं, टेबलाला हात टेकवून उभी होती.

तेवढ्यात तिची आई आली. हातात फडक्यात गुंडाळलेले तीन कोयते. दोन झिजलेले, एक नवा कोरा, बारीक मुठीचा. "घरात सगळं बांधून ठिवलंय, म्याडम," ती म्हणाली, "भांडी पोत्यात, पाट बी पोत्यात. पूजा कुटं मांडू? हितंच मांडते, चालंल का?" मी म्हणाले, मांडा की. तिनं कळफलकापुढची जागा हातानं झाडली आणि तीनही कोयते ओळीनं ठेवले. वर कुंकू, वर फूल.

आता हीच वेळ, असं मला वाटलं. आई समोर होती, मुलगी समोर होती, दार उघडं होतं. मी चाचांना खूण केली. ते कोपऱ्यात उभे होते. पण ते हललेच नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग मीच पुढं होऊन बटणाकडे हात नेला.

"ओ म्याडम!" सरपंच आणि अध्यक्ष एकदम ओरडले. इतक्या वर्षांत ते दोघं एकाच वेळी एकच बोलल्याचं गावानं पहिल्यांदा ऐकलं असेल.

"पूजेला बसवलेलं अवजार चालवतेत का कुटं?" सरपंच म्हणाले.

"आज त्यास्नी इसावा," अध्यक्षांनी पुढचं वाक्य पुरं केलं.

मी तशीच थिजले. कारण हे मला माहीत होतं. वडवणीला आठवडी बाजाराच्या तोंडाशी माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. खंडेनवमीला ते मशीनवर धुतलेलं कापड घालायचे, फूल वाहायचे आणि दसऱ्याची पूजा उठेपर्यंत सुईलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. एका वर्षी माझ्या सणाच्या फ्रॉकचं बटण निघालं होतं आणि मी दिवसभर टाचणी लावून फिरले होते. सगळं माहीत असून घाईत मी नेमका तोच दिवस निवडला, ज्या दिवशी मराठवाड्यातलं एकही यंत्र चालत नाही.

"आमच्या दुकानात बी आज कुणी पाना उचलत न्हाई, म्याडम," चाचा हळूच म्हणाले. "म्या सांगणारच होतो, पर तुमी लई खूश दिसत होता."

दिवा लावून दार बंद झालं. पूजा मोडायची नाही म्हणून मांडलेलं सगळं तसंच आत राहिलं. वरचं कुलूप लागलं, खालचं लागलं. मुलगी माझ्याजवळून गेली, पण त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. सीमोल्लंघनाचा मुहूर्त मुकादमाला चुकवायचा नव्हता. मुकादम म्हणजे तोडीची टोळी जमवून कारखान्याला नेणारा माणूस. त्याच्या शब्दापुढं गावात कुणाचं चालत नाही.

दसऱ्याला सुट्टी. घरात पुरणाचं वाटण अर्धं टाकून मी स्कूटी काढली. चाचाही आले होते, ईदचा असावा असा कडक इस्त्रीचा शर्ट घालून. आम्ही बंद दारापुढं उभे राहिलो. मी सरपंचांना फोन लावला. "दुपारी बघू म्याडम, सणाचं हाय." अध्यक्षांनी उचललाच नाही. पारापाशी ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पोती, हंडे, चुली, बाजा, एक शेळी, आणि वर माणसं चढत होती. ती मुलगी पोत्यावर बसली होती. धाकटा भाऊ मांडीवर. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी मान फिरवली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. नेमका कुणाचा ते मला ठरवता येत नव्हतं.

मुकादमानं हॉर्न दिला. सगळे चढले, पण तिची आई खालीच उभी होती.

"चढ की बाई, मुहूर्त चाललाय!"

"कोयते खोलीत हायेत," ती म्हणाली.

"कुटल्या खोलीत?"

तिनं दोन कुलपांकडे बोट दाखवलं.

मुकादमानं कपाळावर हात मारला. कोयत्याशिवाय तोडणारीण नेऊन तो काय करणार? त्यानं फोन काढला. पहिला सरपंचांना, दुसरा अध्यक्षांना. दोन्ही फोनवर तो जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. सरपंच एका गालाला साबण लागलेला असतानाच आले. अध्यक्ष बनियनवर, किल्ली दातांत धरून मोटारसायकलवर. मी महिनोन् महिने ज्यांच्या पायऱ्या झिजवल्या ते दोघं चहा निवायच्या आत दारात हजर. दार उघडलं. पोरांसाठी न उघडलेलं दार कोयत्यांसाठी उघडलं, आणि माझ्या अंगाचा भडका उडाला.

तिनं ते मुद्दाम ठेवले होते का? मी आजवर विचारलं नाही.

ती आत गेली. फुलं बाजूला केली, पूजेला हात जोडले. मग कोयते न उचलता तिनं ट्रॉलीकडे बघून हाक मारली, "ए, खाली उतर. हिकडं ये."

मुलगी भावाला शेजारणीकडे देऊन पळत आली.

"पूजा उठली," आई दोघा पुरुषांना म्हणाली, "आता चालतंय ना?"

चाचांनी माझ्या खुणेची वाट बघितली नाही. खटका दाबला. इन्व्हर्टर टुक् करून वाजला, पंखा फिरला, आणि हळदीकुंकवाचं बोट लागलेला एक पडदा उजळला. मुलगी खुर्चीवर बसली. सांगावं लागलं नाही. मी तिला लिहायची जागा उघडून दिली आणि तिनं एक एक अक्षर शोधत, जीभ दातांत धरून, इंग्रजी पुस्तकातला पहिला धडा लिहायला घेतला.

आई तिच्या पाठीमागं उभी राहिली. बाहेर हॉर्न वाजत होता. "चुकलं तर?" तिनं विचारलं.

मी मुलीला पुसायचं बटण दाखवलं. तिनं दाबलं, अक्षर गेलं.

"काय बी खूण न्हाई राहत?"

"नाही," मी म्हणाले.

"हे बरं हाय," आई म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दोन झिजलेले कोयते उचलले. नवा तिथंच राहू दिला.

बाहेरून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "तिसरा कुटंय? अन् पोरगी?"

"पोरगी म्हातारीपाशी ऱ्हाईल. म्या बोलले हाय तिला," ती मोठ्यानं म्हणाली. तो काहीतरी पुटपुटला, पण उतरला नाही.

सरपंच सवयीनं वरच्या कुलपाकडे वळले. "म्याडम, उद्घाटन होईस्तोवर जरा..."

"सरपंच," आई म्हणाली. ती त्यांच्याशी अशी समोर उभी राहून कधी बोलली असेल असं मला वाटत नाही. "खोली तुमची. प्लेटा अन् टेबलं अध्यक्षांची. बॅटऱ्या चाचांच्या. म्हणून तर तुमी कुलपं लावली. आता माजं बी हाय आत. मला न इचारता लावू नका."

तिनं बारीक मुठीच्या कोयत्याकडे एकदा बघितलं आणि ती बाहेर पडली. ट्रॉलीत कुणीतरी हात दिला. ट्रॅक्टर निघाला. मुलगी दारात येऊन उभी राहिली, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत. तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दोन्ही कुलपं कडीला उघडीच लटकत होती. मी ती काढली, एक एक करून, आणि पर्समध्ये टाकली. दोघंही बघत होते. दोघांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं.

मुलीनं नाक पुसलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "म्याडम, उद्या?"

"उद्या कशाला?" मी म्हणाले. "आत्ता बस."